बिनडागाची पानं

पेंढा मिळाला नाही, तिथून सगळं सुरू झालं.

दरवर्षी कापणी आटोपली की अळिंबीवाली डोक्याला फडकं गुंडाळून गावभर हिंडायची आणि दहा दारांतून पेंढा गोळा करून आणायची. लोकांना तो नकोच असायचा. घेऊन जा बाई, तेवढंच अंगण मोकळं, असं म्हणून वर पाणी विचारायचे. यंदा मात्र कापणीचं मोठं यंत्र गावात शिरलं. ते पुढून उभं पीक आत ओढायचं, बाजूने दाणे ओतायचं आणि मागून पेंढ्याचा भुगा करून शेतातच उधळून द्यायचं. चार दिवसांत सगळं शिवार मोकळं झालं. मजुरांच्या मागे लागायची कटकट गेली म्हणून लोक खूश होते. अळिंबीवाली बांधावर उभी राहून तो उडणारा भुगा बघत होती.

अळिंबीला माती लागत नाही, पेंढा लागतो. तो बोटभर लांबीचा कापायचा, रात्रभर भिजवायचा, पिंपात तासभर कढत पाण्यात ठेवायचा, निथळून गार करायचा. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत एक थर पेंढा, कडेकडेने मूठभर बियाणं, परत पेंढा, परत बियाणं. हे बियाणं म्हणजे पांढऱ्या जाळीने माखलेले धान्याचे दाणे. पिशवी अंधाऱ्या, गार खोलीत टांगली की दाण्यांतून धागे निघतात आणि पेंढ्यात पसरत जातात. तीन आठवड्यांत अख्खी पिशवी पांढरी होते. मग ती चिरायची, वर पाणी शिंपडत राहायचं, आणि आठवडाभरात चिरांमधून अळिंबीचे पंखे बाहेर पडतात. तीन वर्षांपूर्वी ती हे पाच दिवसांच्या शिकवणीत शिकून आली तेव्हा गाव पोट धरधरून हसलं होतं. कुत्र्याच्या छत्र्या कोण विकत घेणार, म्हणाले होते. आता तीच माणसं तिला अळिंबीवाली म्हणायची आणि पाहुणे आले की पाव किलो मागायला यायची, तीही फुकट.

त्याआधी तिला गवंड्याची बायको म्हणत. गवंडी बांधकामाच्या परांचीवरून पडला आणि कमरेतून मोडला, तेव्हापासून कोणी तसं म्हणत नाही. तो आता खिडकीपाशी खुर्चीत बसतो. दोन काठ्यांवर रेटा देऊन मोरीपर्यंत जातो, तेवढ्यानेही घामाघूम होतो. हात मात्र अजून गवंड्याचेच आहेत.

अळिंबीची खोली दिराची होती. गवंड्याने धाकट्या भावासाठी स्वतःच्या हाताने बांधलेली, हातभर जाडीच्या दगडी भिंतींची, उत्तरेला एकच झरोका असलेली. बाहेर भर दुपार असो, आत पाऊल टाकलं की पाय गार. त्यांचं स्वतःचं घर पत्र्याचं. तिथे अळिंबी तर सोडाच, माणूसही शिजायचा. दीर तेव्हा लांबच्या लांब ट्रक घेऊन जायचा, खोली रिकामी पडलेली. वापरा वहिनी, म्हणाला होता. पण आता त्याची पाठ धरली होती आणि त्याने ट्रक सोडला होता. त्याला त्या खोलीत पिठाची गिरणी घालायची होती.

दीर वाईट माणूस असता तर तिला भांडता तरी आलं असतं. तो ओट्यावर बसून, चप्पल पायाने पुढे-मागे करत बोलायचा.

"वहिनी, दोनदा थांबलो मी. आता गिरणीचं यंत्र सांगितलंय. साठ दिवसांनी येईल."

"मला इस्पितळाच्या खानावळीने बोलावलंय भाऊजी. दर आठवड्याला पंधरा किलो. पण आधी एकदा भरून दाखवा, म्हणते तिथली बाई."

"मग दाखवा ना भरून. तुमचं कायमचं जमलं तर मी गिरणी नाक्यावर भाड्याच्या गाळ्यात बसवीन. पडेल थोडं महाग. पण नाही जमलं तर..." तो चपलेकडे बघायला लागला.

"तर खोली तुमची," ती म्हणाली.

"खोली माझीच आहे वहिनी," दीर हळूच म्हणाला, आणि दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

तर असे साठ दिवस, आणि पेंढ्याची काडी नाही.

तिने काय करून बघितलं नाही! लाकडाच्या वखारीतून भुसा आणला; तो चिकट आणि उग्र वासाचा, दोन पिशव्या भरल्या त्या आठ दिवसांत काळ्या पडल्या. मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं मागायला गेली तर ती सगळी भट्टीवाल्याने आधीच उचललेली. तळ्यातली जलपर्णी ओढून काढली, कंबरभर पाण्यात उभं राहून, पायाला जळवा लावून घेऊन. वाळवल्यावर तिचा एवढासा चोथा उरला आणि भिजवल्यावर असा वास सुटला की गवंडी खुर्चीतून ओरडला, "अगं, मला उचलून बाहेर ठेव आणि मग काय ते कर."

शेवटी शिकवणीतली वही काढली. तिच्यात एका पानावर लिहिलं होतं: केळीची वाळलेली पानंही चालतात, चांगलं पीक येतं. ते वाचून तिने वही मिटली. केळीच्या बागा पंचक्रोशीत दोनच होत्या, एक डागांनी भरलेली आणि दुसरी तिच्या भावाची.

दादाशी बोलणं सहा वर्षं बंद होतं. वडील गेल्यावर बागेच्या कागदावर सही मागायला तो आला, तेव्हा तिने सही केली, पण करायच्या आधी एक शब्द विचारला होता. "माझं काहीच नाही का रे त्यात?" एवढंच. दादाने कागद घडी करून खिशात घातला आणि चहा न घेता निघून गेला. गवंडी पडला तेव्हा तो इस्पितळाच्या फाटकापर्यंत आला होता म्हणे. तिथूनच परतला.

"जाऊ का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मला काय विचारतेस. पानं तुला हवीत."

ती गेली. दादा बागेच्या तोंडाशी पंपाचं काहीतरी खोलून बसला होता. डोक्याचे केस निम्मे पांढरे झाले होते. तिला बघून त्याने हातातला पाना खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"चिंगे," तो म्हणाला. चाळिशीला आलेल्या बाईला या नावाने हाक मारणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं. घोकत आणलेलं सगळं बोलणं ती विसरली आणि एकदम पानांवर आली.

दादाने सगळं ऐकून घेतलं. अळिंबी म्हणजे काय ते त्याला नीट कळलं नसावं, पण बहीण मागायला आली एवढं कळलं.

"पानं ना? न्यायची तेवढी ने. त्यात काय विचारायचं!"

"पण चांगली हवीत दादा. डाग नको. आमच्यात डागाचं फार वाईट असतं. एका पिशवीत हिरवी बुरशी शिरली की सगळ्या खोलीत पसरते. ती शेजारची बाग बघ, पानावर नुसते काळे ठिपके. तसलं एक पान नको मला."

दादाची छाती फुगली. "माझ्या बागेत डाग? दाखव, एक पान दाखव!" तो तिला ओळीओळीने फिरवत राहिला. खरंच सुंदर बाग होती. पानं लखलखीत, रुंद, देठापासून टोकापर्यंत हिरवीगार. "तुला काढून, वाळवून, बांधून आणून देतो. आठ-दहा दिवस दे मला. एक डाग सापडला तर नाव बदलीन."

आणि त्याने शब्द पाळला. अकराव्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला. ताडपत्रीवर वाळवलेली पानं, सारख्या आकाराचे गठ्ठे, सुतळीच्या दोन-दोन गाठी. दादा स्वतः उतरवून ठेवत होता. गवंड्याकडे बघून त्याने मान हलवली. गवंड्यानेही हलवली. तिने चहा ठेवला आणि या वेळी तो प्यायला. कपाच्या तळाची साखर बोटाने पुसून खायची त्याची जुनी खोड होती. ती त्याने केली तेव्हा तिला हसूही आलं आणि रडूही.

मग कामाला तोंड फुटलं. पानं कापायचं गवंड्याने मागून घेतलं. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकली, त्यावर गठ्ठा, हातात कोयता. पहिल्या दिवशी तासाभरात त्याच्या पाठीत कळ गेली आणि तोंड पांढरं पडलं. दुसऱ्या दिवशी तो जेवायलाही थांबेना. तुकडे एकसारखे, जसे काही ओळंबा लावून कापलेले.

"विटा नाहीत त्या," ती म्हणाली. "थोडं इकडे-तिकडे झालं तर चालतं."

"तुझं चालत असेल," तो म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हाताला काम लागलं होतं.

ती पिंप पेटवायची, पानं उकळत्या पाण्यात दाबायची, काठीने ढवळायची. वाफेने चेहरा भाजायचा. पाण्यावर तवंग यायचा, तो केळीचा चीक असेल म्हणून ती काढून टाकायची. निथळलेली पानं मुठीत दाबून बघायची: बोटांच्या फटीत ओल दिसली पाहिजे, थेंब पडता कामा नये. साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून थर भरायचे. पाच दिवसांत ऐंशी पिशव्या झाल्या. शेवटची टांगली तेव्हा तिचे हात खांद्यावर जाईनात. केस विंचरायला शेजारणीला बोलवावं लागलं.

त्यानंतरचे दिवस तिने फार सुखात काढले, हे सांगायला हवं. रोज सकाळी दार उघडून ती पिशव्यांवरून नजर फिरवायची. हिरवी बुरशी नाही, काळी नाही. पेंढ्यावर दहातल्या दोन पिशव्या तरी हिरव्या पडायच्याच. यंदा ऐंशीत एक नाही! चौथ्या दिवशी प्रत्येक दाण्याभोवती पांढरी लव आली. तिने दिराला हात धरून आत नेलं.

"बघा. एकाही पिशवीला डाग नाही."

दिराने चष्मा वर करून बघितलं. "छान," तो म्हणाला. "मग नाक्यावरच्या गाळ्याचं बोलून ठेवू का?"

"ठेवा," ती म्हणाली. असा ताठ मानेने शब्द तिने खूप दिवसांत उच्चारला नव्हता.

आठव्या दिवशी पांढरी लव तेवढीच होती. दाण्याभोवती नखाएवढं वर्तुळ, पुढे पान कोरडं तपकिरी. गारठा असेल, असं तिने स्वतःला समजावलं. झरोक्याला गोणपाट लावलं. दहाव्या दिवशी गोणपाट काढलं. बाराव्या दिवशी कोमट पाण्याची घमेली खोलीत ठेवली. पिशव्या जशा होत्या तशाच. सडत नव्हत्या, वास मारत नव्हत्या, आणि वाढतही नव्हत्या. सडल्या असत्या तर शिव्या घालायला काहीतरी मिळालं असतं. ती पिशवीसमोर उकिडवी बसायची, कान लावायची, जसं काही आतून कोणी बोलणार आहे.

"उकळायला कमी पडलं का माझं?" ती विचारायची. "का जास्त झालं?"

"माझेच तुकडे मोठे झाले असतील," गवंडी म्हणायचा. तो कापलेला एखादा तुकडा बोटांत धरून उजेडात फिरवत बसायचा.

सोळाव्या दिवशी एक पिशवी मांडीवर घेऊन ती बसने तालुक्याला गेली, बियाणं मिळायचं त्या प्रयोगशाळेत. दारावरच्या माणसाने तिला आत घेतलं नाही. पिशवीतून काय काय येईल, बाहेरच थांबा, म्हणाला. ती सायकलच्या स्टँडला टेकून दोन तास उभी राहिली. येणारे-जाणारे पिशवीकडे आणि तिच्याकडे बघायचे. शेवटी पांढरा कोट घातलेली एक बाई बाहेर आली. वयाने तिच्याहून बरीच लहान. तिने तिथेच पायरीवर पिशवी फाडली, दाणे बघितले, पानाचा एक तुकडा दोन बोटांत घासला आणि नाकाशी नेला.

"बियाणं जिवंत आहे. पानं कुठली?"

"माझ्या भावाची. एकदम स्वच्छ आहेत मॅडम. एक डाग नाही."

"डाग का नाही?"

प्रश्नच तिला कळला नाही.

"केळीच्या पानावर डाग पडतोच काकू. नाही पडला याचा अर्थ भाऊ डागाचं औषध फवारतोय. भरपूर. तो डाग म्हणजे एक बुरशी असते. औषध बुरशी मारायचं. आणि तुमची अळिंबी कोण?"

अळिंबीवालीने पिशवीतल्या पांढऱ्या दाण्यांकडे बघितलं.

"तीही बुरशीच," कोटवाली म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. उलट तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "दाण्यात जेवढी ताकद होती तेवढी वाढली आणि पानाला टेकली की मेली. म्हणूनच हिरवी बुरशीही आली नाही तुमच्याकडे. तिथे काहीच जगणार नाही."

"धुतली तर? परत उकळली तर?"

"तेलात कालवून मारतात हो ते. चिकटून बसतं, पानात मुरतं. आणि उद्या चुकून अळिंबी आलीच, तरी खाऊ नका, विकू तर अजिबात नका. डागाळलेली पानं आणली असती ना, न फवारलेली, तर चालली असती. डाग उकळताना मरतो."

तिने फाटलेली पिशवी परत बांधली. गाठ नीट बसेना. पंधरा दिवस उरले होते, आणि नव्या पिशवीला कमीत कमी महिना लागतो. हा हिशोब तिने तिथे पायरीवर उभ्याउभ्या तीनदा केला. तीनही वेळा तो तेवढाच आला.

परतीच्या बसमधून ती मध्येच उतरली, दादाच्या बागेपाशी. तिला त्याला जाब विचारायचा होता. सांगायला काय झालं होतं, असं मोठ्याने, चारचौघांत ओरडायचं होतं. ऊन उतरणीला लागलं होतं. दादा पाठीवर टाकी बांधून फवारत होता. तोंडाला फडकं, डोळे लाल. तिला बघताच त्याने नळी बंद केली.

"अगं, बरी आलीस! ये, तुला दाखवायचंच होतं." तो तिला बागेच्या आतल्या अंगाला घेऊन गेला. "या दोन ओळी तुझ्या. यांच्या घडाची आशा सोडलीय मी, नुसती पानं घ्यायची. मागच्या वेळी तू डाग नको म्हणालीस ना, म्हणून कापायच्या आधी दोन हात जास्तीचे मारले होते मी. एरवी एवढं मारत नाही, महाग पडतं. आता या ओळींना तर तीनदा मारतोय. बघ, आरसा आहे आरसा!"

त्याने एक पान खाली वाकवून तिच्यासमोर धरलं. त्याच्या हातांची साल गेली होती. बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे उठले होते, औषधाचेच असणार.

"हाताला काय झालं?"

"हे? औषध कडक आहे जरा. जाईल." त्याने हात शर्टाला पुसले. मग दुसरीकडे बघत म्हणाला, "चिंगे, तेव्हा मी फाटकापर्यंत आलो होतो. आत यायला तोंड नव्हतं मला. तू पानं मागायला आलीस, बरं केलंस बघ."

तिने हातातली फाटकी पिशवी पाठीमागे घेतली.

"झाल्या का पिशव्या पांढऱ्या?" दादाने विचारलं.

"होतायत," ती म्हणाली.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. गवंड्याने खुर्चीच्या हातावरची फळी उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"सांगितलंस त्याला?"

"नाही."

"का?"

"खोली तर गेलीच. सहा वर्षांनी माहेरचं दार उघडलंय. तेही माझ्या हाताने लावून घेऊ?"

"उद्या तो परत तीच पानं आणेल. मग?"

दुसऱ्या दिवशी ती दिराकडे गेली. बसा म्हणाला तरी बसली नाही. वीस दिवस मागितले. दीर कितीतरी वेळ चप्पल पायाने फिरवत राहिला.

"वहिनी, यंत्र निघालंय तिकडून. गाळेवाल्याला मी हो म्हणालो होतो, तुमचं ऐकून. मग चार दिवसांपूर्वी झरोक्यातून बघितलं, पिशव्या तशाच. म्हणून काल त्याला नको म्हणालो. त्याने दुसऱ्याला दिला." त्याने वर बघितलं. "माझी पाठ बसू देत नाही हो. मी तरी काय करू?"

"काही नका करू," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. कोणाचंच चुकलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. राग धरायला कुठे जागाच नव्हती.

खानावळीच्या बाईला तिने फोन केला. "हो का? बरं," पलीकडून उत्तर आलं, आणि मागे भांडी आपटल्याचा आवाज. एवढ्यावर ते संपलं.

यंत्र ठरल्या दिवशी आलं, सकाळी दहाच्या सुमाराला. त्याआधी तिने आणि दिराने मिळून पिशव्या काढल्या. ऐंशी दोऱ्या कापल्या. दीर दोन हातांत दोन घेऊन यायचा आणि आपटणार नाही अशा बेताने खाली ठेवायचा. ती म्हणाली, टाका हो, आता काय. तरी तो ठेवतच राहिला. पिशव्यांचा ढीग भिंतीशी लागला. चार माणसांनी गिरणी लाकडी ओंडक्यांवरून सरकवत आत नेली. दगडी उंबऱ्याला गिरणीचा पाय अडला, तेव्हा गवंडी आपल्या दाराच्या आतून ओरडून सांगायला लागला, "डावीकडून उचला! उंबरा पक्का आहे तो, हलायचा नाही!" त्याचाच उंबरा, त्यालाच ठाऊक. माणसांनी डावीकडून उचललं आणि गिरणी आत गेली.

तेवढ्यात वळणावर टेम्पोचा हॉर्न वाजला.

दादा उडी मारून उतरला. मागे गठ्ठे रचलेले, वर ताडपत्री, दोरी करकचून बांधलेली. तो हसतच पुढे आला. मग त्याला गिरणी दिसली. मग ढीग.

"हे काय?"

दीर कपड्याने हात पुसायला लागला. गवंडी दोन काठ्यांवर दारात येऊन उभा राहिला होता, पाय थरथरत होते.

"अहो, ती पानं..." गवंड्याने तोंड उघडलं.

तिने नवऱ्याकडे बघितलं. एवढंच. गवंड्याने ओठ मिटले आणि काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली.

"काय झालं पानांना?" दादाने विचारलं. तो ढिगापाशी गेला, एक पिशवी उचलली, फाडली. आतून गवंड्याने एकसारखे कापलेले तुकडे सांडले. "पानं तर चांगली आहेत. जशीच्या तशी!"

"पानांना काही नाही झालं दादा," ती म्हणाली. "माझंच चुकलं. उकळायचं अंदाजाने केलं, जास्त झालं."

"अंदाजाने?"

"हो."

दादा तिच्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग संताप. आणि तो बोलला. चार माणसं गिरणीला टेकून उभी होती, दीर उभा होता, शेजारीण कुंपणाशी आली होती, त्यांच्यादेखत बोलला.

"लहानपणापासून हेच तुझं. एक काम धड करायचं नाही. मी दहा दिवस बागेची कामं टाकून पानं काढली, उन्हात वाळवली. हात बघ माझे! आणि तू अंदाजाने उकळलीस? एवढी सोन्यासारखी पानं मातीत घातलीस! जमत नव्हतं तर उद्योग मांडायचा कशाला? लोकांची खोली अडवून बसायचं कशाला?"

ती मान खाली घालून ऐकत होती. गवंड्याच्या काठ्या दाराच्या चौकटीवर खटखट वाजत होत्या. शेजारणीने पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं तीच सगळ्यांना सांगायची, की हिच्या हाताला यश आहे. आता ती काय सांगेल ते अळिंबीवालीला कळत होतं, आणि ते खोडून काढता येणार नव्हतं, हेही कळत होतं.

"चुकलंच," ती परत म्हणाली.

दादाचा आवाज बसला. राग त्याला फार वेळ झेपायचा नाही, तो लहानपणापासून तसाच होता. त्याने कपाळ पुसलं, टेम्पोभोवती फेरी मारली, ढिगाकडे पाठ केली.

"बरं, रडू नकोस," तो म्हणाला. ती रडत नव्हती. "होतं असं. एकदा चुकलं म्हणून हातपाय गाळायचे नसतात. कुठेतरी दुसरी जागा बघू. माझं पंपाचं खोपटं आहे, ते बघू. पानं मी देतो की! कितीही देतो. या खेपेची तर त्याच्याहून सरस आहेत."

त्याने ताडपत्रीची दोरी सोडली आणि टेम्पोवर चढला. पहिला गठ्ठा काढून त्याने वरूनच वाकून तिच्यापुढे केला. तेलकट उग्र वास तिच्या नाकात शिरला. आता तो तिला ओळखता येत होता.

"धर," दादा म्हणाला.

तिने दोन्ही हात पुढे केले. गठ्ठा घेतला, पत्र्याच्या भिंतीशी नीट रचून ठेवला, आणि दुसरा घ्यायला परत आली.